घरी ब्रेकचे काम करताना न सुटणारे बोल्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रेकचे पॅड किंवा डिस्क बदलणे हे काम मुळात अवघड नाही. अवघड असतो तो पहिला बोल्ट. खाली दिलेली उत्तरे त्या बोल्टभोवती फिरतात, कारण घरी ब्रेकचे काम अर्धवट राहते ते बहुतेक वेळा तिथेच, आणि त्यातही बोल्ट सुटत नाही म्हणून नव्हे, तर घाईत त्याचे डोके घासून गोल केले जाते म्हणून.

ब्रेकचे बोल्ट इतके घट्ट का बसतात?

चाकाच्या मागचा भाग पाणी, चिखल आणि मीठ यांच्या सतत माऱ्यात असतो, आणि प्रत्येक ब्रेक लावताना तो तापून पुन्हा थंड होतो. आट्यांमधल्या बारीक फटीत पाणी शिरले की गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे ती फट आतून भरून बोल्ट आवळला जातो. ॲल्युमिनियमच्या भागात पोलादी बोल्ट असेल तर दोन वेगळ्या धातूंच्या संपर्कामुळे ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि पांढरट भुकटी आट्यांत दाटून बसते. याखेरीज दोन कारणे माणसाने निर्माण केलेली असतात. पहिले म्हणजे कारखान्यातच आट्यांवर लावलेला थ्रेडलॉकर, म्हणजे आटे चिकटवून ठेवणारा द्रव. दुसरे म्हणजे आधीच्या दुरुस्तीत इम्पॅक्ट गनने, म्हणजे धक्के देत बोल्ट फिरवणाऱ्या यंत्राने, गरजेपेक्षा कितीतरी जास्त आवळलेला बोल्ट.

कारण ओळखण्याला महत्त्व आहे, कारण उपाय त्यावर ठरतो. गंजलेल्या बोल्टला तेल उपयोगी पडते, थ्रेडलॉकर लावलेल्या बोल्टला ते जवळजवळ निरुपयोगी असते आणि तिथे उष्णताच लागते. बोल्ट बाहेरून स्वच्छ, चकचकीत आहे आणि तरीही हलत नाही, तर संशय थ्रेडलॉकरवर घ्यावा.

नेमका कोणता बोल्ट सोडवायचा असतो?

हा प्रश्न आधी विचारला तर बरीच मेहनत वाचते. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. तरंगत्या, म्हणजे पिनांवर सरकणाऱ्या, कॅलिपरच्या मागे दोन प्रकारचे बोल्ट असतात. लहान बोल्ट कॅलिपरला सरकत्या पिनांशी जोडतात. त्यांचे डोके बहुधा १२ ते १४ मिलिमीटरचे असते, आणि काही गाड्यांत त्यांच्या जागी ७ मिलिमीटरच्या ॲलन पान्याने फिरणाऱ्या पिना असतात. मोठे बोल्ट कॅलिपर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटला चाकामागच्या नकलशी, म्हणजे बेअरिंग धरून ठेवणाऱ्या ओतीव भागाशी, जोडतात. त्यांचे डोके साधारण १७ ते २१ मिलिमीटरचे असते. लहान बोल्ट अनेक गाड्यांत २५ ते ३५ न्यूटन-मीटर टॉर्कने, म्हणजे पिळण्याच्या जोराने, आवळलेले असतात, तर ब्रॅकेटचे बोल्ट ८० ते १३० न्यूटन-मीटर किंवा त्याहूनही जास्त.

फक्त पॅड बदलायचे असतील तर बहुसंख्य गाड्यांत ब्रॅकेटच्या बोल्टला हात लावावाच लागत नाही. डिस्क काढायची असेल तरच तो काढावा लागतो. न काढायच्या बोल्टशी दुपारभर झुंज देणारे लोक कमी नाहीत, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

जोर लावण्यापूर्वी गाडी कशी उभी करावी?

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्यावेत. नंतर गाडी कडक, सपाट जमिनीवर जॅकने उचलून स्टँडवर टेकवावी आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून अडथळे लावावेत. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली किंवा शेजारी बसून घट्ट बोल्टला हिसका देणे म्हणजे गाडी अंगावर ओढून घेण्यासारखे आहे. हे इतर कोणत्याही कामापेक्षा इथे जास्त लागू आहे, कारण जाम झालेला बोल्ट सोडवताना आपण गाडीला आडवा धक्काच देत असतो. मागच्या चाकांवर काम असेल तर हँडब्रेक बहुधा सोडावा लागतो, तेव्हा पुढच्या चाकांच्या अडथळ्यांवरच सगळी भिस्त असते.

पुढच्या चाकावर काम करताना स्टिअरिंग अशा बाजूला पूर्ण वळवावे की कॅलिपरची मागची बाजू बाहेर येईल. तेवढ्याने लांब दांड्याला फिरायला जागा मिळते. पाना अचानक सुटला तर मूठ कुठे आदळेल, हे जोर लावण्याआधी एकदा पाहून घ्यावे. चष्मा लावावा, कारण गंजाचे पापुद्रे नेमके वर पाहणाऱ्या डोळ्यांत पडतात. जुनी ब्रेकची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ती ओली करून पुसावी, कारण जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते.

बोल्ट कोणत्या दिशेला फिरवायचा, हे चुकू शकते का?

चुकते, आणि अनुभवी माणसाचेही चुकते. नेहमीचा बोल्ट त्याच्या डोक्याकडून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला सुटतो. ब्रेकच्या बोल्टची डोकी मात्र गाडीच्या आतल्या बाजूला असतात आणि आपण बाहेरून, डिस्कच्या वरून हात घालून काम करत असतो. त्यामुळे दिशा नजरेला उलटी भासते. मी स्वतः एकदा अर्धा तास एका ब्रॅकेटच्या बोल्टला मोठ्या निष्ठेने अधिकाधिक घट्ट करत होतो. तेव्हापासून मी आधी स्वतःचे डोके बोल्टच्या डोक्यामागे नेऊन पाहतो, हवा तर खडूने बाण काढतो, आणि मगच दांड्याला हात लावतो.

कोणती हत्यारे खरोखर लागतात?

सहा कोनांचा सॉकेट ही पहिली गरज आहे. बारा कोनांचा सॉकेट बोल्टच्या कोपऱ्यांना धरतो, तर सहा कोनांचा सॉकेट बाजूंच्या सपाट भागावर दाब देतो. साध्या कामात हा फरक जाणवत नाही, पण गंजलेल्या आणि थोड्या झिजलेल्या डोक्यावर तोच निर्णायक ठरतो. सॉकेट बसवण्यापूर्वी डोके तारेच्या ब्रशने घासून घ्यावे, नाहीतर गंजाच्या थरामुळे सॉकेट पूर्ण आत बसत नाही आणि फक्त वरच्या कडा धरतो. उघड्या तोंडाचा पाना आणि फिरवून मोठा-लहान होणारा पाना पहिल्या जोरासाठी वापरू नये.

दुसरी गरज लांब दांड्याची, म्हणजे ब्रेकर बारची. हिशेब साधा आहे. दांड्याच्या टोकाला सुमारे ४० किलो वजनाइतके, म्हणजे ४०० न्यूटन बळ लावले, तर २५ सेंटिमीटरच्या दांड्यावर १०० न्यूटन-मीटर आणि ६० सेंटिमीटरच्या दांड्यावर २४० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. रॅचेटला पाइप लावून लांबी वाढवण्याचा मोह टाळावा, कारण आतले दात तुटतात आणि दांडा एकदम मोकळा फिरतो. पाइप लावायचाच असेल तर तो ब्रेकर बारला लावावा आणि दांड्याच्या मुळाशी सॉकेट बोल्टवर सरळ राहील याची काळजी दुसऱ्या हाताने घ्यावी. सॉकेट तिरका झाला की ताकद बोल्ट फिरवण्याऐवजी त्याचे कोपरे सोलण्यात जाते.

सुरुवातीला किंचित घट्ट करण्याच्या दिशेला हलका जोर देऊन पाहावा. गंजाची पकड तुटायला दिशा कोणतीही चालते, आणि एकदा ‘टक्’ असा आवाज झाला की उलट दिशेने काम सोपे होते. बोल्ट थोडा फिरून पुन्हा अडला तर तसाच ओढत नेऊ नये. थोडा मागे, थोडा पुढे करत, मध्ये तेलाचा थेंब देत त्याला बाहेर आणावे.

गंज सोडवणारे तेल किती आणि किती वेळ?

तेल आट्यांपर्यंत पोहोचते ते केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटीत आपोआप ओढले जाऊन, आणि त्याला वेळ लागतो. फवारून लगेच पाना लावणे म्हणजे तेल वाया घालवणे होय. आदल्या संध्याकाळी एकदा आणि सकाळी पुन्हा एकदा लावून ठेवणे सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल तर किमान अर्धा तास थांबावे आणि मधूनमधून बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत. अनेक बोल्टचे टोक भागातून आरपार बाहेर आलेले असते. तेल त्या टोकाकडून दिले तर डोक्याकडून दिल्यापेक्षा अधिक उपयोग होतो. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी दूर सारण्यासाठी बनवलेले मिश्रण आहे. त्याचा काही उपयोग होतो, पण खास गंज सोडवण्यासाठी बनवलेले तेल अधिक चांगले काम करते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. खनिज तेल डिस्कवर, पॅडवर किंवा रबरी भागांवर पडू देऊ नये. ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेले कॅलिपरमधले रबर खनिज तेलाने फुगते आणि मऊ होते. पॅडने एकदा तेल शोषले की तो बदलावाच लागतो. म्हणून फवारण्याऐवजी नळीने किंवा कापसाच्या बोळ्याने मोजके थेंब द्यावेत, पॅड आधी झाकावेत, आणि डिस्कवर थेंब उडालाच तर ब्रेक क्लीनरने ती पुसून काढावी.

ठोकणे आणि इम्पॅक्ट गन यांत शहाणपण कुठे आहे?

संथ, सलग जोरापेक्षा लहान-लहान धक्के गंजाची पकड लवकर तोडतात आणि बोल्टला पीळही कमी बसतो. म्हणूनच इम्पॅक्ट गन जिथे यशस्वी होते तिथे लांब दांडा बोल्ट तोडतो, असे पुष्कळदा घडते. गन वापरायची असेल तर तिच्यासाठीच बनवलेले काळे सॉकेट वापरावेत, कारण चकचकीत क्रोमचा साधा सॉकेट धक्क्यांनी तडकून तुकडे उडू शकतात. गन नसेल तर बोल्टच्या डोक्यावर जाड पोलादी सळई टेकवून हातोडीचे चार-पाच खणखणीत घाव घालावेत. घाव सरळ आट्यांच्या अक्षात बसावेत, कॅलिपरच्या ओतीव भागावर किंवा एबीएसच्या सेन्सरवर नव्हे.

उष्णता केव्हा द्यावी आणि केव्हा अजिबात देऊ नये?

उष्णता हा सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत धोक्याचा उपाय आहे. बोल्टच्या भोवतीचा भाग तापवला की भोक प्रसरण पावते आणि आट्यांची पकड सैल होते. थ्रेडलॉकर असेल तर तो मऊ पडतो. उच्च ताकदीच्या थ्रेडलॉकरसाठी सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते आणि बोल्ट गरम असतानाच फिरवावा लागतो. थंड होऊ दिला तर सारे श्रम फुकट जातात.

आता धोके. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर शिंपडलेल्या भागाला ज्योत किंवा तापलेला धातू लागला तर फॉस्जीनसारखा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. क्लोरीन नसलेला क्लीनर वापरला तर तो सहज पेट घेतो. म्हणजे क्लीनर कोणताही असला तरी तो पूर्ण उडून जाईपर्यंत ज्योत पेटवायची नाही. गंज सोडवणारे तेलही पेटते. ब्रेक ऑइल भरलेला कॅलिपर तापवू नये, कारण डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ आणि डॉट ४ चा किमान २३० अंश असतो, आणि जुन्या, ओलावा शोषलेल्या ऑइलचा तो त्याहून बराच खाली आलेला असतो. पिनांवरची रबरी टोपणे, ब्रेकचा होज (ऑइलची लवचीक नळी), एबीएसची वायर आणि चाकाचे बेअरिंग यांना उष्णता सोसत नाही. म्हणून कॅलिपर आधी काढून तारेने वर बांधून ठेवावा, होजवर लोंबकळू देऊ नये, आणि मगच ब्रॅकेटच्या बोल्टकडे वळावे.

ॲल्युमिनियमच्या नकलवर उघडी ज्योत वापरूच नये. तो धातू लाल होऊन इशारा देत नाही, आधीच कमकुवत होतो. तिथे गरम हवेच्या गनवर समाधान मानावे. लाल होईपर्यंत तापवलेला बोल्ट पुन्हा वापरू नये, कारण त्याची कडकाई गेलेली असते.

लहान बोल्ट फिरतो, पण त्याच्याबरोबर पिनही फिरते. काय करावे?

बोल्ट सुटलेला नाही, नुसती पिन गोल फिरते आहे. पिनेला बोल्टच्या डोक्याखाली सपाट बाजू असतात. त्या बारीक जाडीच्या पान्याने धरून ठेवाव्यात आणि बोल्ट दुसऱ्या पान्याने सोडवावा. नेहमीचा पाना जाड असल्यामुळे तिथे शिरत नाही, म्हणून एक स्वस्त पाना घासून पातळ करून ठेवलेला उपयोगी पडतो.

डिस्कवरचा लहान स्क्रू निघत नाही. तो महत्त्वाचा आहे का?

तो डिस्कला जुळणीच्या वेळी जागेवर धरून ठेवतो, एवढेच. गाडी चालताना डिस्क चाकाच्या नटांच्या दाबाने धरलेली असते. या स्क्रूची खाच फार लवकर बिघडते. जपानी बनावटीच्या अनेक गाड्यांत खाच फिलिप्ससारखी दिसते, पण जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाची असते, आणि फिलिप्सचे टोक तिच्यात नीट न बसता वर सरकते. योग्य टोक लावलेला, हातोडीने ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर हे इथले खरे हत्यार आहे. दोन-तीन ठोक्यांत नाही निघाला तर वेळ न घालवता स्क्रूचे डोके ड्रिलने उडवावे. डिस्क निघाल्यावर उरलेला तुकडा बहुधा पकडीने फिरतो.

स्क्रू निघाला तरी डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, चिकटलेली असू शकते. पुष्कळ डिस्कवर दोन रिकामी, आटे असलेली भोके दिलेली असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट, बहुधा ८ मिलिमीटर आट्यांचे, आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेले की डिस्क हबवरून आपोआप ढकलली जाते.

ब्लीडर आणि ब्रेक पाइपचा नट यांना वेगळे का वागवावे?

कारण ते नाजूक आहेत. ब्लीडर, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा बाहेर काढण्याचा स्क्रू, आतून पोकळ असतो आणि त्याला साधारण ८ ते १५ न्यूटन-मीटरच टॉर्क दिलेला असतो. त्याला ब्रॅकेटच्या बोल्टची वागणूक दिली की तो हमखास मुळापासून तुटतो. तेल, थांबणे, हलके ठोके, सहा कोनांचा सॉकेट, आणि मागे-पुढे अगदी थोडे फिरवणे, एवढाच मार्ग आहे. पोकळीत नेमक्या जाडीच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा घालून ठेवला तर ब्लीडर चेपून तुटण्याची शक्यता कमी होते.

पाइपच्या नटासाठी फ्लेअर नट पाना वापरावा, जो नटाला जवळजवळ सर्व बाजूंनी धरतो. नट फिरताना पाइपही पिळला जातो आहे असे दिसले तर त्याच क्षणी थांबावे. पिळलेला पाइप पुन्हा वापरण्यासारखा राहत नाही.

कॅलिपरच बदलायचा असेल तर त्याचा होज, आणि ऑइल बदलायचे असेल तर ब्लीडर, कॅलिपर जागेवर पक्का असतानाच किंचित सैल करून लगेच पुन्हा बंद करून पाहावा. सुटा झालेला कॅलिपर हातात धरून हे करणे फार त्रासाचे असते.

बोल्टचे डोके गोल झाले. आता?

प्रथम थांबावे, कारण अजून पर्याय आहेत आणि प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाने त्यांतला एक कमी होतो. एक माप लहान असलेला सहा कोनांचा सॉकेट हातोडीने डोक्यावर ठोकून बसवावा. १३ मिलिमीटरच्या डोक्यावर अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा सॉकेट असा छान बसतो. त्यापुढे आतून उलट्या पिळाचे दात असलेले खास सॉकेट मिळतात, जे जितके फिरवावे तितके अधिक रुततात. डोक्याभोवती जागा असेल तर लॉक होणारी पकड लावता येते. वेल्डिंग येणाऱ्यासाठी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे डोक्यावर नवा नट वेल्ड करणे, कारण नवी पकडही मिळते आणि बोल्ट आतून तापतोही. त्याआधी बॅटरीची जोडणी मात्र काढावी.

बोल्ट तुटला तर?

आधी तो कुठे तुटला ते पाहावे. काही गाड्यांत बोल्टचे आटे ब्रॅकेटमध्ये असतात. तिथे ब्रॅकेट बदलले की प्रश्न संपतो. आटे नकलमध्ये असतील तर तुकड्याच्या मध्यभागी पंच मारून डाव्या फिरकीच्या ड्रिलने भोक पाडावे. कित्येकदा ड्रिल पकड घेताच तुकडा त्याच्याबरोबर बाहेर येतो. त्यात ठोकून फिरवायचा एक्स्ट्रॅक्टर मी शेवटी ठेवतो, कारण तो अतिशय कडक पोलादाचा असतो आणि आत तुटला तर साध्या ड्रिलने त्याला भोकही पडत नाही. भोक मध्यावरून सरकत असेल तर तिथेच काम थांबवून तो भाग यंत्रशाळेत न्यावा. ब्रेक धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या बाबतीत ‘बरेचसे धरतात’ ही अवस्था चालत नाही.

काढलेला बोल्ट पुन्हा लावावा का, आणि पुढच्या वेळी तो जाम होऊ नये म्हणून काय करावे?

काही उत्पादक ब्रॅकेटचे बोल्ट एकदाच वापरायला सांगतात. गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत तसे असेल तर नवेच लावावेत. आटे खाल्लेला, वाकलेला किंवा डोके घासलेला बोल्ट टाकून द्यावा, आणि त्याच्या जागी साधा बाजारी बोल्ट न लावता त्याच मापाचा आणि त्याच ताकदीच्या श्रेणीचा बोल्ट घ्यावा. ती श्रेणी, जसे १०.९, डोक्यावर कोरलेली असते.

आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत. पुस्तिकेत थ्रेडलॉकर सांगितला असेल तर तोच लावावा. ब्रॅकेटच्या बोल्टवर अँटी-सीझ, म्हणजे जाम होऊ न देणारे, ग्रीस चोपडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मला तो पटत नाही. दिलेला टॉर्क कोरड्या किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या अवस्थेतल्या आट्यांसाठी असतो. ग्रीसमुळे घर्षण घटते आणि त्याच टॉर्कला बोल्ट अपेक्षेपेक्षा जास्त ताणला जातो. अँटी-सीझची योग्य जागा हब आणि डिस्क यांच्यामध्ये आहे, तीही अगदी पातळ थरात. सरकत्या पिनांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. शेवटची आवळणी टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या आकड्यानुसारच करावी. सुटताना ज्याने रडवले तो बोल्ट रागाने अधिक आवळला जातो, आणि पुढच्या खेपेचा जाम बोल्ट तिथेच तयार होतो.

सगळे जोडल्यावर लगेच गाडी काढावी का?

नाही. कॅलिपरमधले पिस्टन, म्हणजे पॅड दाबणारे दट्टे, मागे ढकललेले असल्यामुळे पहिल्या काही दाबांत पेडल थेट तळाला जाते. गाडी जागेवर असतानाच पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहावे, नंतर ब्रेक ऑइलची पातळी पाहावी, चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळावेत आणि मोकळ्या जागी अगदी कमी वेगात दोन-चार वेळा ब्रेक लावून पाहावा. परत आल्यावर ज्या बोल्टला हात लावला होता त्या प्रत्येकाकडे टॉर्चने एकदा पाहावे, आणि चाकाचे नट साधारण शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत.